साती आसरांची जागा

बीडहून परत आलो तेव्हा आमच्या आळीत ज्याने त्याने एकच विचारलं, तिकडे प्यायला पाणी तरी मिळालं का? बीड म्हटलं की सांगलीकरांच्या डोळ्यांपुढे टँकर आणि घागरींची रांग उभी राहते. मीही काही वेगळा नव्हतो. जाताना खांद्याला पाण्याचा थर्मास आणि पिशवीत दोन जादा बाटल्या घेऊन गेलो होतो. त्या मुलखात पाण्यामुळे माझी पाचावर धारण बसेल, असं कुणी एस.टी. स्टँडवर सांगितलं असतं तर त्याला मी वेड्यात काढलं असतं.

मी मुळात भित्रा. पोस्टात बत्तीस वर्षं काढली, ती सगळी वरिष्ठांना भिऊनच. पण पुराची भीती अशी कधी वाटली नव्हती. आमची कृष्णा चढते ती सांगून-सवरून चढते. रेडिओवर पाणी किती फुटांवर आहे ते कळतं, घाटाच्या पायऱ्या एकेक करून बुडतात, बायका पापडाचे डबे माळ्यावर टाकतात, आणि मधल्या वेळात माणसं चहा पिऊन पुन्हा पाणी बघून येतात. पूर म्हणजे असाच असतो अशी माझी पक्की समजूत होती.

पाटोदा

माझी मुलगी शैला तिकडे दिलेली. आम्ही लिंगायत, मनाजोगी सोयरीक असेल तर चार जिल्हे ओलांडायला आमच्यात कुणी मागेपुढे बघत नाही. जावई काशिनाथ, गावात त्याला काशीअप्पा म्हणतात, त्याचं खत-बियाण्यांचं दुकान. वडील नाहीत, आई पार्वतीबाई. शैलाला दहा महिन्यांची मुलगी, गिरिजा. त्यांनी नवं घर बांधलं होतं आणि दसऱ्याच्या मुहूर्तावर घरभरणी होती. आमच्या सौभाग्यवतींचे गुडघे एस.टी.चा प्रवास मानत नाहीत, म्हणून साडी, चांदीची वाटी आणि न संपणाऱ्या सूचना घेऊन मी एकटाच निघालो. सगळ्यात शेवटची सूचना अशी की घर नीट बघून या, तुमच्या नेहमीच्या अर्ध्या डोळ्याने नको.

काशिनाथ मला घ्यायला पाटोद्याला आला होता. बाजारातून गूळ, हरभऱ्याची डाळ आणि नारळाचं पोतं घेतलं आणि काळ्या-पिवळ्या जीपमध्ये आम्हाला कोंबण्यात आलं. मी माणसं मोजायला लागलो आणि तेरानंतर नाद सोडला. ड्रायव्हर स्वतः निम्मा बाहेर बसून गाडी चालवत होता. आमच्याकडे एवढी माणसं बसली तर भांडणं होतात. इथे एका म्हाताऱ्याने माझा थर्मास मांडीवर घेतला आणि उतरेपर्यंत लेकरासारखा सांभाळला.

पाटोद्याचं पठार सोडून जीप उतरायला लागली. बालाघाटाचे डोंगर मला फोटोत बरे वाटले होते. प्रत्यक्षात एकाही उतारावर सावली धरावी असं झाड नव्हतं. काशिनाथने बोट दाखवून सांगितलं की तो लहान असताना तिथे धावडा आणि बेल होता, आजोबा पूजेचा बेल तिथूनच आणायचे. आता माथ्यापर्यंत वावरं झाली होती. डोंगराच्या कुशीत एक पाझर तलाव लागला. त्यात निम्म्याच्या वर गाळ होता आणि गाळात कुणीतरी झक्क ज्वारी पेरली होती. तलावात पीक बघायची माझी पहिलीच वेळ. मी तसं म्हटल्यावर सगळी जीप हसली.

गाव जवळ आलं तशी नदी लागली. सिंदफणेला मिळणारी ही एक धाकटी नदी. गावातले लोक तिला नुसतं नदी म्हणतात. पाणी टिपूसभर नव्हतं. वाळूही फारशी उरली नव्हती, कारण बीडकडे बांधकामं जोरात होती आणि वाळू ट्रकने जायची. राहिले होते खड्डे आणि वेड्या बाभळीचं रान. नदीच्या आडवा नवा डांबरी रस्ता टाकला होता, दोन पुरुष उंचीच्या मुरमाच्या भरावावर. पाणी जायला खाली सिमेंटच्या तीन नळ्या होत्या. त्यांतल्या एकीच्या तोंडात चांगली बाभळ वाढली होती. तीनच नळ्या कशा, असं मी ड्रायव्हरला विचारलं. तो म्हणाला की पाणीच नाही तर नळ्या कितीही टाका, सारखंच.

प्लॉटिंग

रस्ता झाल्यापासून गावाचं नशीब पालटलं होतं. पिवळ्या पाटीचा एस.टी.डी. बूथ होता, दोन घरांवर केबलच्या तबकड्या होत्या, आणि रस्त्याच्या खालच्या अंगाला, नदीकडे उतरताना, नवं 'प्लॉटिंग' झालं होतं. अकरा घरं, एका ओळीत, गुलाबी आणि पोपटी. त्यातलं चौथं शैलाचं. जुनं गाव वर चढावर होतं. तिथल्या बोळांतून काशिनाथच्या दुकानाचा टेम्पो जात नसे, हे त्यांनी खाली येण्याचं मुख्य कारण.

राहायला ते आधीच आले होते, घरभरणी तेवढी बाकी होती. घर छान होतं. मी दोन्ही डोळ्यांनी बघितलं. पार्वतीबाईंनी आल्या आल्या धपाटे आणि दही पुढे केलं आणि रात्रीच्या जेवणाला येसराची, म्हणजे भाजलेल्या धान्याच्या मसालेदार पिठाची आमटी. आमच्या कांदा-लसूण चटणीने जीभ पोळते. येसराचा तिखटपणा गिळल्यावर उशिरा कळतो आणि मग पाणी प्यावंच लागतं. बाई गमत्या. माझा थर्मास बघून म्हणाल्या, व्याह्यांनी कृष्णामाई काखोटीला मारून आणलीय. त्यांच्या गळ्यात चांदीचं लिंग, हातात सदा काहीतरी काम, आणि शैलावर जीव. आपल्या मुलीला सासू अशी मिळावी म्हणून लोक नवस करतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात दात घासत उभा होतो. शैलाने बेलाच्या रोपाभोवती दगडांचं सुंदर आळं केलं होतं. एकसारखे, गुळगुळीत, लिंबापासून नारळाएवढे. मी विचारलं, हे नदीतून आणले का? ती म्हणाली, नाही, घराच्या पायाच्या खड्ड्यातूनच निघाले, ढीगभर.

मी वाकून एक दगड उचलला. शेतातला दगड कोनाकोनाचा असतो. दगडाला गोल करणारं जगात एकच, वाहतं पाणी. मी घाटावर वाढलेला माणूस, मला दुसरं काही येत नसलं तरी एवढं कळतं. म्हणजे शैलाची चूल, गिरिजाचा पाळणा, पार्वतीबाईंचं देवघर, सगळं नदीच्या पात्रात मांडलेलं होतं. काठावर नव्हे, पात्रात.

खंडेनवमी

दुकानात त्या दिवशी तराजूची आणि हत्यारांची पूजा होती. ती आटोपल्यावर मी नदी बघायला म्हणून निघालो आणि वाळूच्या खड्ड्यात घसरून ढोपर फोडून घेतलं. लंगडत वर येताना घरांच्या खालच्या अंगाला एक नवा सिमेंटचा ओटा दिसला. त्यावर सात दगड, ताजा शेंदूर, हिरव्या बांगड्या. साती आसरा. पाण्यावरच्या या सात बहिणी आमच्याकडेही असतात. नमस्कार करून चढावर आलो तर वर, प्लॉटिंग आणि जुन्या गावाच्या मधे, कडुलिंबाखाली एक म्हातारी बसलेली. ती मोकळ्या जमिनीला कुंकू लावत होती. नीट बघितलं तेव्हा जमिनीत सात खळगे दिसले.

तिचं नाव धोंडाबाई. आसरांची दिवाबत्ती तिच्या घरात पिढ्यानपिढ्या. माझ्या ढोपरावर तिने कडुलिंबाचा पाला चोळला आणि मी विचारल्यावर सगळं सांगितलं. गावाचा जुना नेम असा होता की आसरांच्या खाली कुणी भिंत घालायची नाही. नदीला पूर आला की पाणी कडुलिंबापर्यंत यायचं, गावच्या बायका वाजतगाजत येऊन नदीची ओटी भरायच्या, आणि ओटी घेऊन नदी उतरायची. वर तलाव झाल्यापासून पाणी इथवर आलंच नाही. मग रस्ता आला आणि खालच्या जमिनीला गिऱ्हाईक आलं. पण नेम मोडायला कुणी तयार होईना. शेवटी चार वर्षांपूर्वी गावाने आसरांना कौल लावला. उजवीकडचं फूल पडलं. मग बँड लावून, पुरणावरणाचा नैवेद्य दाखवून, साती बहिणींना उचलून खाली नदीच्या कडेला नेऊन बसवलं. आता घरं आसरांच्या वरच झाली. नेम शाबूत.

मला आधी हसू आलं. आमच्याकडे कुणी देवाला विचारलंही नसतं, सरळ बांधकाम केलं असतं. ही माणसं प्रामाणिक, यांनी देवालाच रीतसर हलवलं. मग माझं हसू जिरलं, कारण धोंडाबाई नदीबद्दल बोलायला लागली.

"आदी मिरगापासून झड बसायची," ती म्हणाली. "आठ-आठ दिस उघडायचं न्हाई. नदी रोज वाईच चढायची, रोज वाईच उतरायची. आता दोन महिने नुसती धूळ, आन मंग एका दुपारी समदं आभाळ रितं. आदी पानी डोंगराच्या झाडीत रेंगाळायचं, वाळूत मुरायचं. आता त्येला थांबायला जागा न्हाई ऱ्हायली बाबा. ती आता येईल ना, ती आमच्या वळखीची नदी नसंल."

तिला गावात खुळी म्हणत. मला ती आमच्या पूरनियंत्रणाच्या साहेबांपेक्षा शहाणी वाटली.

मी तडक दुकानात गेलो आणि काशिनाथला पायाच्या दगडांबद्दल, नळ्यांबद्दल, सगळं सांगितलं. त्याने मला बसायला खुर्ची दिली, चहा मागवला, मधे एकदाही तोडलं नाही. मग म्हणाला, "मामा, तुमी सांगलीचे. तुमाला जिकडंतिकडं पानी दिसतं. आमची नदी मेलीय. मेलेल्या नदीला कावून भ्यायचं?" त्याचा आवाज मऊ होता, पण कान लाल झाले होते. जन्माची कमाई त्या घरात घातलेल्या माणसाला सासऱ्याने घरभरणीच्या आदल्या दिवशी येऊन हे सांगावं, त्याला काय वाटणार.

संध्याकाळी मी शैलाला म्हटलं, आता विहीणबाईंशीच बोलतो, त्या शहाण्या आहेत, ऐकतील. शैला गिरिजाला भरवत होती. तिने वाटी खाली ठेवली.

"अण्णा, नका बोलू," ती म्हणाली. "उद्या माझी घरभरणी आहे. तुम्ही परवा सांगलीला जाल. मला इथे राहायचंय."

मुलीचा बाप व्याह्यांच्या दारात तसाही पाहुणाच असतो. मी गप्प बसलो. फक्त एक केलं. गिरिजाला लिंब दाखवू या म्हणून शैलाला घेऊन घरापासून कडुलिंबापर्यंत चालत गेलो आणि पावलं मोजली. दोनशे चाळीस. शैलाला कळलं मी काय मोजतोय.

दसरा

सकाळी जंगमस्वामी आले, पाद्यपूजा झाली, घरात दूध उतू घातलं. गाव जेवून गेलं. पुरणपोळी, कटाची आमटी, तूप. मीही जेवलो आणि बरंच जेवलो, हे लपवत नाही. आभाळ नुसतं कुंद होतं. दुपारी गावात चार थेंब पडले आणि थांबले. पण दक्षिणेला डोंगराकडे बघवत नव्हतं. तिकडचं आभाळ जमिनीला टेकलं होतं. डोंगर दिसतच नव्हते.

दसऱ्याला गावातले पुरुष शीव ओलांडतात. या गावाची शीव नदीपलीकडे. वाजंत्री लावून सगळे कोरड्या पात्रातून पलीकडच्या देवळाकडे जातात, आपट्याची पानं लुटतात आणि तासा-दोन तासांनी सोनं घेऊन परत येतात. घरी बायका औक्षणाची ताटं करून वाट बघत असतात. काशिनाथने मला आग्रह केला, पण मी फुटलेलं ढोपर दाखवलं. खरं सांगायचं तर त्या पात्रात पाय ठेवायची माझी छाती नव्हती. प्लॉटिंगमध्ये पुरुष म्हणून मी एकटाच उरलो. मी कडुलिंबाखाली धोंडाबाईजवळ जाऊन बसलो, कारण तिथून डोंगराकडची बाजू दिसते.

अर्ध्या तासाने पात्रात पाणी आलं. तीन नळ्यांतून तांबडी धार यायला लागली आणि खड्ड्याखड्ड्यांतून वाट काढत आसरांच्या ओट्याला लागली. घोट्याएवढं पाणी. पण वर्षानुवर्षं पाणी न बघितलेल्या गावाला ते अमृतच. पलीकडच्या काठावर पुरुषांनी आनंदाने वाजंत्री वाढवली. अलीकडे घराघरांतून बायका बाहेर आल्या. पार्वतीबाई सगळ्यांच्या पुढे, हातात ताट, ताटात खण, नारळ, तांदूळ, हळकुंडं. नदीच्या ओटीला त्या गावात सवाष्ण-विधवा असा भेद करत नसत. नदी आसरांच्या दारी आली होती, ओटी भरून तिला परत पाठवायची होती. जुना नेम. ठेवणीतल्या साड्या नेसलेल्या बायका गाणं म्हणत उताराला लागल्या, आणि त्यांच्यात कडेवर गिरिजाला घेतलेली माझी शैला.

मला ते दृश्य आवडलं, हे मी कबूल करतो. क्षणभर वाटलं, आपण उगीच भ्यालो, मी आणि ही म्हातारी.

तेवढ्यात धोंडाबाईने माझा दंड धरला. "पानी म्होरून न्हाई, मागून यायलंय," ती म्हणाली.

मी मान वळवली. रस्त्याच्या पलीकडे, डोंगराच्या बाजूला, जिथे सकाळी बाभळीचं रान होतं, तिथे तळं होतं. तांबडं, फेसाळ, आणि ते बघता बघता वाढत होतं. झाडं मुळांसकट तरंगत येऊन नळ्यांच्या तोंडाशी गोळा होत होती. रस्त्याच्या खालच्या अंगाला घोट्याएवढं पाणी आणि वरच्या अंगाला दोन पुरुष खोल. मधे मुरमाचा भराव, आणि त्या भरावाच्या पोटातून घाम फुटल्यासारखं पाणी झिरपत होतं. खाली ओट्याजवळ उभ्या असलेल्या कुणालाच ते दिसणं शक्य नव्हतं. त्यांच्या आणि तळ्याच्या मधे रस्ता उभा होता.

मी ओरडलो. वाजंत्रीत आणि गाण्यात माझा आवाज कुणाला जाणार. मग मी धावलो. साठीच्या माणसाने, फुटक्या ढोपराने, दोनशे चाळीस पावलं आणि पुढे ओट्यापर्यंतचा उतार. जाताना डोक्यात एकच विचार होता आणि तो फार उदात्त नव्हता. बाकीच्यांचं काय होईल ते होवो, माझी दोन माणसं तिथून काढायची.

पोचलो तेव्हा पार्वतीबाई पाण्यात हळद सोडत होत्या. मी काहीतरी बोललो. काय बोललो ते आठवत नाही. शैला म्हणाली, अण्णा, थांबा, ओटी होऊ द्या. समजावून सांगायला वेळ नव्हता. मी तिच्या कडेवरची गिरिजा हिसकून घेतली आणि उलटा पळत सुटलो.

शैला किंचाळत माझ्यामागे आली. तिच्यामागे बाकीच्या बायका आल्या. त्यांना वाटलं, पाहुण्याचं डोकं फिरलं, लेकराला कुठेतरी आपटणार हा. आधी चार आल्या, मग सगळ्याच आल्या, पोरंबाळं घेऊन, मला शिव्या घालत. मी थांबलो नाही. छातीत कळ येत होती, पोरगी टाहो फोडत होती, आणि जितकं मी पळत होतो तितक्या त्या जास्त माझ्यामागे पळत होत्या. भ्यालेल्या माणसाच्या पायाला किती वेग असतो, ते मला त्या दिवशी कळलं.

पार्वतीबाई आल्या नाहीत. ओटी अर्धी टाकायची नसते. मी वर पोचून वळून बघितलं तेव्हा त्या ओट्याजवळ उभ्या होत्या, हातातलं ताट सावरत, कपाळावर तळहात धरून आमच्याकडे बघत. रागावलेल्या नव्हत्या. नुसत्या चकित झाल्या होत्या. मी हात हलवून त्यांना बोलावत होतो. त्यांनी एक हात वर केला, आले, एवढं आवरते आणि आलेच, असं आपण सांगतो तसा. मग वाकून नारळ पाण्यात सोडला.

भराव फुटल्याचा आवाज मोठा नव्हता. पोतं फाटल्यासारखा. मग जो आवाज आला तो मला अजून ऐकू येतो आणि कशासारखा ते सांगता येत नाही. रस्त्याचा मधला भाग दिसेनासा झाला आणि तिथून पाणी न येता चिखल, झाडं, दगड, एक अख्खी म्हैस, असं सगळं एकदम उभं चालत आलं. गुलाबी घर बसलं. पोपटी घर बसलं. शैलाचं घर जरा वेळ टिकलं आणि मग त्याच्या दारातून पाणी बाहेर पडायला लागलं आणि भिंती ढासळल्या. आसरांचा ओटा, सात दगड, पार्वतीबाई, तिथे काही नव्हतं. पलीकडच्या काठावर पुरुष रांगेने उभे होते, हातात आपट्याच्या डहाळ्या, आणि त्यांतल्या एकाला चौघांनी मिळून धरून ठेवलं होतं. तो काशिनाथ होता.

पाणी आमच्या पायांखाली, कडुलिंबाच्या मुळांपर्यंत आलं आणि थांबलं. धोंडाबाईच्या सात खळग्यांत ते भरलं. गिरिजाला माझ्या हातातून घेता घेता शैलाची शुद्ध गेली.

दिवस मावळायच्या आत नदी उतरली. दुसऱ्या दिवशी सकाळी पात्रात पुन्हा खड्डेच होते, थोडे वेगळ्या जागी. पार्वतीबाई तिसऱ्या दिवशी बऱ्याच खाली सापडल्या. वर जाऊन आलेल्या लोकांनी सांगितलं की तलावाच्या पोटात गाळच असल्यामुळे तो तासाभरात भरून वाहिला, बोडक्या डोंगराचं सगळं पाणी एकदम आलं, आणि रस्त्याने ते अडवून धरलं. नुसती नदी आली असती तरी घरांत पाणी शिरलं असतं, पण माणसांना पळायला वेळ मिळाला असता. कुणी एकाने फार मोठं पाप केलं होतं असं नाही. झाड तोडणाऱ्याने झाड तोडलं, वाळू नेणाऱ्याने वाळू नेली, रस्ता करणाऱ्याने रस्ता केला. गावाने तर देवालाही विचारलं होतं.

सांगली

दिवसकार्य झाल्यावर शैला आणि गिरिजाला घेऊन मी सांगलीला आलो. तिला रात्री झोप लागत नसे. बाहेर ट्रक गेला तरी उठून बसायची. मी तिला काय धीर देणार, मीही जागाच असायचो.

संक्रांतीच्या आधी काशिनाथ तिला न्यायला आला. वाळला होता. चहा पिता पिता त्याने सांगितलं की रस्ता पुन्हा बांधून झाला, त्याच जागी, तितक्याच नळ्यांचा. घराच्या मदतीचे कागद प्लॉटच्या नंबरावर मंजूर झालेत, त्यामुळे घर तिथेच बांधावं लागेल, दुसरीकडे बांधलं तर मदत नाही. चौथरा शाबूत आहे, भिंती छातीपर्यंत आल्यात. आसरांचे नवे दगड घडवायला दिलेत. हे सगळं तो खाली मान घालून, पाठ केल्यासारखं बोलला.

मग त्याने मान वर केली. "मामा, मला तुमी सांगितलं, मी ऐकलं न्हाई. ते माझ्या पदरात. पर आईला कावून न्हाई सांगितलं? ती ऐकली असती."

हा प्रश्न तीन महिने मीच मला विचारत होतो आणि उत्तर मला माहीत होतं. शैला स्वयंपाकघराच्या दारात उभी होती.

"सुचलं नाही," मी म्हणालो.

काशिनाथने मान डोलावली. तेवढ्यावर ते मिटलं असतं.

"अण्णा बोलणार होते," शैला दारातून म्हणाली. "मी बोलू दिलं नाही."

काशिनाथने कपबशी खाली ठेवली. मला वाटलं, हा आता उठणार आणि एकटाच निघून जाणार, आणि त्याची चूक आहे असं मला म्हणता येणार नाही. बाहेर भाजीवाली आली आणि गेली. आमच्या सौभाग्यवती आतून बाहेर आल्या आणि पुन्हा आत गेल्या.

"आन तुला तरी कोन बोलू दिलं असतं," काशिनाथ शेवटी म्हणाला.

"मग आता बोलते," शैला म्हणाली. तिने गिरिजाला माझ्या मांडीवर ठेवलं, पदर खोचला आणि ती त्याच्यासमोर येऊन बसली.